हवालदाराच्या नडगीवरचा वरवंटा

मी वरवंटा बोलतोय. पाट्याला सोडून एकटा वरवंटा कधी बोलतो का, असं विचारू नका. पाटा बोलतच नाही. तो नुसता आडवा पडून राहतो आणि सगळं माझ्याकडून करून घेतो. घराघरांत असतो तसला एकेक. मला निदान राबायची सवय आहे आणि तोंडही आहे.

आष्ट्याच्या बाजारात एका पाथरवटाच्या टाकीखाली माझा जन्म झाला. काळा फत्तर, वीतभर आणि वर चार बोटं लांब, वजनाला पक्का चार शेर. साळूबाई तेव्हा नवी नवरी होती. तिनं मला उचललं, दोन्ही तळव्यांवर आडवा धरून तोलला आणि म्हणाली, "ह्यो बरा हाय. ह्योच द्या." एवढी पारख करून तिला नवराही दाखवला नव्हता कुणी.

तिच्याबरोबर मी पलूसच्या शिवारात वस्तीवर आलो. मिरच्या, लसूण, खोबरं, शेंगदाणे, पुरणाची डाळ, सगळं माझ्या पोटाखालून गेलं. साळूबाईचे हात थकले तेव्हा तिनं मला सुनेच्या हवाली केलं. सून म्हणजे राहीबाई. अंगानं शिडशिडीत, पण आवाज असा की बैलानं कान पाडावेत.

राहीबाईचा नवरा लालासाहेब लढाईच्या धामधुमीत सफरमैनेच्या, म्हणजे पूल बांधणाऱ्या आणि सुरुंग लावणाऱ्या पलटणीत भरती झाला आणि इटलीला गेला. मागं तीन वर्षं राहीबाईनं एकटीनं मोट हाकली, नांगर धरला आणि तीन एकर ऊस उभा केला. कांडी पुरली तिनं, भांगलण केली तिनं, बांध तुडवणाऱ्या परक्या म्हशींना शिव्या घातल्या तिनं. त्या उसात नवऱ्याचा हात म्हणाल तर पोस्टानं आलेल्या पत्रापुरता. "ऊसाला पाणी दे," एवढंच तो लिहायचा. जसं काही ती त्याला ताक पाजत होती.

सेहेचाळीस साली हवालदार लालासाहेब परत आला. येताना पोट घेऊन आला, मिशा घेऊन आला, पाण्याचं एक इंजिन घेऊन आला आणि एका कॅनव्हासच्या पिशवीतून दोन लोखंडी नळकांडी घेऊन आला.

इंजिन विहिरीवर बसवलं. पहिल्या दिवशी पाणी धो धो पडलं. लालासाहेब इतका फुगला की त्यानं त्याच दिवशी मोट मोडली.

"आवं, मोट ऱ्हाऊ द्या की कोपऱ्यात," राहीबाई म्हणाली. "कोपरा काय खातोय तिला?"

"अगं, इंजान आलंया आता. मोट म्हंजे म्हातारपण."

मोटेच्या चामड्याची त्यानं पायतानं शिवून घेतली. एक जोड स्वतःला, एक चुलतभाऊ आकारामला. दोघं करकर वाजवत शिवारातून फिरू लागले.

वैशाखात एका सकाळी इंजिन नेहमीसारखं धडधडलं, पण पाणी येईना. नळीच्या तळाशी लोखंडी जाळीची एक टोपी असते. तिला फूटवाल म्हणतात. ती पाणी वर जाऊ देते आणि परत खाली पडू देत नाही. इंजिनाच्या हादऱ्यानं तिचे नट ढिले होऊन ती सुटली होती आणि चार पुरुष खोल पाण्याखाली गाळात जाऊन बसली होती. सांगलीच्या मिस्त्रीनं निरोप पाठवला, आठ दिवसांनी येतो. उसाची पानं दुपारी सुतळीसारखी वळायला लागली होती. आठ दिवस तो ऊस टिकला नसता, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

राहीबाई विहिरीच्या काठावर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मोट कुठं हाय?" तिनं विचारलं.

लालासाहेबानं खाली पायांकडं बघितलं.

"व्हय," ती म्हणाली. "ती घालूनच बांधावर उभं ऱ्हावा आन् माजा ऊस वाळताना बघा. तीन वर्सं जगवलाय त्यो मी. वाळला तर तुमाला चरकात घालीन, मिशासकट."

लालासाहेब घरात गेला आणि ती पिशवी घेऊन आला.

त्या नळकांड्यांची कथा अशी. इटलीत एका बंदरावर त्याला एक फ्रेंच खलाशी भेटला. तो ही दोन नळकांडी पाठीवर बांधून, दाताखाली रबरी नळी धरून आणि डोळ्यांवर काच लावून समुद्राच्या तळाशी खुशाल फिरायचा. नळकांड्यांत हवा दाबून भरलेली असते. राहीबाईनं पार्सलनं धाडलेल्या कांदालसणीच्या चटणीचा डबा लालासाहेबानं त्याला चाखायला दिला. खलाशानं ती पावावर लोण्यासारखी जाड थापली आणि खाल्ली. नंतर लोटाभर पाणी प्यायला, मग बादलीभर प्यायला, डोळे पुसले आणि डब्याच्या बदल्यात हा सगळा सरंजाम देऊन टाकला. ती चटणी मी वाटली होती. म्हणजे ती नळकांडी माझ्याच कमाईची म्हणायची, पण कुणाला आठवण?

"एकेका नळकांड्यात पाव घंटा हवा हाय," लालासाहेबानं सांगितलं. "पर संपली की संपली. कराडपासनं सांगलीपातुर ही भरून देणारा कुणी न्हाई."

"तुमी कितींदा गेलाय पान्याखाली?" राहीबाईनं विचारलं.

"मी... काठावर त्येची कापडं राखीत हुतो."

"लई मोटं काम," ती म्हणाली. "उतरा."

तो पायऱ्यांवरून पाण्यात उतरला. कंबरेला दोर होता आणि दोराचं टोक आकारामच्या हातात. पण नळकांडी पाठीवर, त्यांचं ओझं मागं. पाण्यात पडल्याबरोबर पाठ खाली गेली, पोट वर आलं आणि हवालदार उलट्या कासवासारखा तरंगत राहिला. हातपाय मारतोय, पण पोट काही बुडेना.

"दादा, पोट दावून पाऊस मागाय लागलाय व्हय?" आकाराम ओरडला.

पोटाकडून वजन पाहिजे हे एव्हाना सगळ्यांना कळलं. आकारामनं एक धोंडा बांधला, तो दोरातून निसटून बुडाला. नांगराचा फाळ बांधला, तो पोटाला टोचू लागला. मग आकाराम स्वयंपाकघरात आला आणि त्याची नजर माझ्यावर पडली. गोल, लांब, गुळगुळीत, कुठं टोचायचा नाही. त्यानं मला उचललं, तसा कुडावरचा लसूणसुद्धा थरथरला असेल.

"कमरंला बांदतो," आकाराम म्हणाला.

ओसरीवरून साळूबाई काठी टेकत आली. "आरं, वरवंटा त्यो! अन्न वाटतो त्यो. कमरंच्या खाली इंचभर जाता कामा नये. छातीवर बांद."

म्हातारीचं म्हणणं मला पटलं. मलाही मान आहे. मला छातीवर, मानेच्या जरा खाली बांधलं आणि हवालदार पुन्हा उतरला.

मी आयुष्यात पाण्यात बुडलो नव्हतो. आंघोळ रोज व्हायची, पण ती वरून. पाण्यात गेलो आणि माझं वजनच घटलं. चार शेरांतलं शेर-सव्वाशेर कुठं गेलं कळेना. इतकी वर्षं मी जड म्हणून मिरवत होतो, आणि विहिरीनं एका डुबकीत माझा तोरा उतरवला. तरी जे उरलं होतं त्यानं काम केलं. हवालदार पालथा झाला आणि बुडाला. पण कसा बुडाला? डोकं खाली, पाय वर. नळकांडी खांद्यापाशी, मी छातीवर, म्हणजे सगळं ओझं डोक्याकडं. पायांकडं काहीच नाही. थेट तळाला जाऊन तो कानापर्यंत गाळात रुतला. जरा उठायला बघितलं की पाय तरंगायचे आणि तोंड पुन्हा गाळात जायचं. त्या ढवळाढवळीत पाणी असं गढूळलं की समोर फूटवाल असती तरी दिसली नसती.

त्यात आणखी एक मजा. हवालदार नुसत्या उजव्या नळकांड्यातून हवा ओढत होता. आधी उजवं संपवू, मग डावं घेऊ, असा त्याचा हिशेब. एक भाकरी संपल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही, अशी आमच्याकडं पोरांना शिकवण असते. पण उजवं जसं हलकं होत गेलं तसा तो डाव्या अंगावर कलंडू लागला. डोकं गाळात, पाय वर, आणि तसाच तो हळूहळू फिरतोय. भोवरा असता तर कौतुक केलं असतं.

शेवटी त्यानं दोर हिसकला. आकारामनं ओढून काढला. पाय आधी बाहेर आले, मग पोट, आणि सगळ्यात शेवटी तोंड. त्याला मिशा आहेत का नाहीत तेही कळत नव्हतं. उजव्यातली निम्मी हवा गेली होती.

"फूटवाल?" राहीबाईनं विचारलं.

हवालदार गाळ थुंकला आणि उजव्यातली हवा ओढता ओढता आपण डोक्यावर उभे राहून डावीकडं कसे कलंडलो ते सांगितलं.

राहीबाई पायरीवर बसली. वरून ती बुडबुडे मोजत होती, आणि आधी बाहेर आलेले पायही तिनं बघितले होते.

"गाडी भरताना मागं वझं जास्ती झालं तर काय व्हतं?" तिनं विचारलं.

"उलाळ व्हती," आकाराम म्हणाला. "मागनं बसती आन् जू वर उचालतंय."

"आन् म्होरं जास्ती झालं तर?"

"बैलाच्या मानंवर बसती."

"मग ह्येंची गाडी उलाळ झालीया, एवढंच. पाय म्हंजे जू, ते आभाळात. वझं पायाकडं सरकवाया पायजे. आन् ती दोन नळकांडी म्हंजे कावडीच्या दोन घागरी. एक वतून एक भरलेली ठिवल्यावर कावड नीट ऱ्हाईल व्हय? दोन्हीकडनं थोडं थोडं घ्याचं."

"पर हवंला कुठं वजान असतंय?" हवालदार म्हणाला.

"मग कलंडला कशानं? माज्या नशिबानं?"

हवालदार मिशीतला गाळ काढू लागला.

"वरवंटा पायाला बांदा," राहीबाई म्हणाली. "नडगीवर."

एवढं म्हटलं आणि काठावर जणू वीज पडली. साळूबाईनं काठी आपटली. "पायाला? वरवंटा पायाला? माज्या पाच नातवंडांच्या पाळण्यात आदी त्यो निजलाय! त्येला कुंची घातलीया, काजळ लावलंया, पाळण्याखालनं न् वरनं फिरवलाय. घरातला थोरला त्यो!"

खोटं नव्हतं ते. आमच्याकडं बारशाला पाळण्यात आधी वरवंटा घालतात, म्हणजे बाळ माझ्यासारखं टणक होतं. पाच वेळा मी पाळण्यात झोपलोय. पाचही पोरं टणक निघाली, डोक्यानंसुद्धा.

खुद्द हवालदार दोन पायऱ्या मागं सरला. "छातीवर बांद, डोक्यावर बांद, पायाला न्हाई. लढाईत मेलो न्हाई, आता पाप घिऊन बुडू व्हय?"

आकारामनंही मान हलवली. आणि खरं सांगतो, मलाही राग आला होता. इतकी वर्षं देव्हाऱ्याच्या खालोखाल माझी जागा, आणि आता ह्या माणसाच्या केसाळ नडगीवर जाऊ? ऊस वाळला तर वाळला, असं माझ्या मनात आलं. मी लपवत नाही.

राहीबाईनं उसाकडं बघितलं. दुपार चढत होती. कडेच्या दोन सऱ्यांतली पानं टोकाला पिवळी पडली होती. ती बोलली तेव्हा तिचा आवाज चक्क खाली आला होता, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"आत्याबाई, पाळण्यात घातला म्हंजे ह्यो लेकरू. व्हय का न्हाई?"

"व्हय."

"आन् लेकराला न्हाऊ घालताना तुमी कुठं घेत हुता? डोक्यावर?"

साळूबाई स्वतःच्या पायांकडं बघू लागली.

"पायावर," ती म्हणाली. "पाय लांब सोडून. नडगीवर आडवं."

"मग ह्येलाबी पान्यात न्हाऊच घालायचं हाय न्हवं?"

मग साळूबाई खाली बसली आणि म्हणाली, "आकाराम, तेलाची वाटी आन. टाळूवर तेल घातल्याबगार न्हाऊ घालीत न्हाईत."

माझ्या कुठल्या टोकाला टाळू आहे, यावर थोडा वाद झाला. शेवटी दोन्ही टोकांना तेल लावलं. राहीबाईनं नवऱ्याच्या ट्रंकेतून पलटणीच्या पायपट्ट्या काढल्या. हवालदार पाय लांब सोडून पायरीवर बसला, साळूबाईनं मला त्याच्या दोन्ही नडग्यांवर आडवा ठेवला आणि सासूसुनेनं मिळून पट्ट्यांनी असा आवळला की हवालदाराच्या पायाची बोटं निळी झाली.

"आदी डाव्यातलं घ्या," राहीबाईनं बजावलं. "मी एक हिसका दिला की नळकांड्याची चावी उजवीकडं, दुसऱ्यानं डावीकडं. तुमी मोजू नका. तुमचं मोजणं मी बघितलंय." इंजिनाबरोबर आलेले चार जादा नट हवालदारानं पानाच्या चंचीत घालून चंची मनगटाला बांधली. दोर या वेळी तिनं आपल्या हातात घेतला.

आणि गाडी तोलात आली, बरं का. हवालदार पाण्यात आडवा झाला तो आडवाच राहिला. डोकं खाली नाही, पाय वर नाही, अंग डावीकडं नाही, उजवीकडं नाही. झोळीत पोर निजावं तसा तो गाळाच्या वर हातभर अंतरावर तरंगत होता. मघाचा गाळ एव्हाना खाली बसला होता आणि नवा ढवळला नाही. उन्हाचा एक पट्टा पार तळापर्यंत आला होता आणि त्यात मला फूटवाल दिसली. निम्मी गाळात, निम्मी बाहेर, वर एक खेकडा बसलेला. हवालदारालाही दिसली. त्यानं खेकड्याला हात जोडले आणि फूटवाल काढली.

वरून हिसका आला. चावी फिरली. पहिला नट बसला. परत हिसका, परत चावी. राहीबाई वर कसं मोजत होती कोण जाणे, पण एकदाही हवालदार कलंडला नाही. दुसरा बसला, तिसरा बसला. नळकांडी हलकी होत चालली होती. आता मी नसतो तर तो केव्हाच वर निघून गेला असता. त्याचं सगळं पोट वर जायची घाई करत होतं आणि मी एकटा त्याचे पाय धरून होतो. नडगी वाईट नसते हो. केस आहेत, पण माणूस प्रामाणिक होता.

चौथा नट बसला. हवालदारानं नळी हलवून बघितली. ती घंटेच्या लोलकासारखी हलली. तळाला धरून ठेवायला तिला काहीच नव्हतं. इंजिन धडधडलं की ती अशीच हलणार, नट परत सुटणार आणि फूटवाल परत गाळात जाणार. हवा तर दुसऱ्यांदा मिळायची नव्हती. हवालदारानं काचेतून एकदा नळीकडं बघितलं आणि एकदा माझ्याकडं.

मी ओळखलं. ओरडलोही असतो, पण पाण्यात आणि दगडाच्या तोंडानं किती ओरडणार?

सफरमैनेच्या माणसाला गाठी सोडता येतात आणि बांधताही येतात. त्यानं पट्ट्या सोडल्या, मला नळीला उभा टेकवला, फूटवालच्या जरा वर, आणि वेढ्यावर वेढे देऊन आवळला. नळी गप्प झाली. त्यानं माझ्यावरून एकदा हात फिरवला. तेवढ्यात पायाशी ओझं नाही आणि नळकांडी रिकामी, त्याचे पाय एकदम वर उचलले गेले आणि हवालदार पाय वर, डोकं खाली असा बुचासारखा विहिरीतून निघून गेला. त्याचा मला झालेला शेवटचा दर्शनलाभ म्हणजे दोन मिशा, खाली लोंबणाऱ्या.

लोखंडाच्या नळीतून वरचं सगळं मला ऐकू येतं. पाय आधी आले म्हणून आकाराम ओरडला. मग धप्पकन कुणीतरी पायरीवर पडलं.

"बसली!" हवालदाराचा आवाज. "चारी नट बसलं!"

"वरवंटा कुठं हाय?" राहीबाई.

"खाली. नळीला बांदलाय. न्हाईतर नळी डुलून परत तेच झालं असतं."

मला वाटलं, आता ही त्याला परत पाण्यात ढकलणार. साळूबाई रडायला लागल्याचं ऐकू आलं.

"इंजान लावा," राहीबाई म्हणाली.

इंजिन धडधडलं. माझं अंग थरथरलं, पण नळी हलली नाही. माझ्या पायाशी फूटवाल उघडली आणि पाणी माझ्या शेजारून वर निघालं. थोड्या वेळानं लांबून, उसातून, राहीबाईची हाक आली. शब्द नव्हते त्यात. पाणी पहिल्या सरीत पोचलं की बाई अशी ओरडते.

आता मी इथंच असतो. माझ्या जागी पाट्यावर दुसरा आलाय म्हणे. येवो. मासे माझ्यावर अंग घासतात, तो खेकडा दुपारी बसायला येतो. मधे एका पावसाळ्यात वर ताशे वाजले, स्वराज्य आलं म्हणून कुणी ओरडलं आणि हवालदारानं इंजिनालाच फुलांची माळ घातली. गुऱ्हाळ लागलं त्या दिवशी राहीबाई काठावर आली. तिनं पेलाभर ताजा रस विहिरीत ओतला आणि म्हणाली, "घे. तुज्या वाटणीचा." चार पुरुष पाण्यातून तो रस माझ्यापर्यंत कसला पोचतोय. माशांची चंगळ झाली. पण तिनं ओतला.

तुम्हाला एकच सांगणं. उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायला कुणी उतरलात आणि नळीला आवळलेला काळा दगड दिसला, तर हा वरवंटा इथं कसा म्हणून हळहळू नका. पट्ट्यांना हात लावू नका. वर तीन एकर ऊस उभा आहे, आणि तो माझ्यावर उभा आहे.